जाऊ कुणी दिलं?

(देवणी इथं एकट्या राहणाऱ्या बायांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलले तसंच ठेवलं आहे, पुन्हापुन्हा आलेलं तेवढं काढलं आहे.)

मैत्रिणींनो, आक्का, मावश्यांनो,

पत्रिकेत माझ्या नावापुढं 'एकल महिला आणि त्यांचे हक्क' असा विषय छापला आहे. त्यावर बोलणारच आहे, पण जरा लांबून येणार आहे, समुद्रावरून. ताईला ऊन लागलं असं म्हणू नका. देवणीतून कोणत्याही दिशेनं निघालं तरी चारशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही, हे मलाही ठाऊक आहे. आपल्या गावाचं नाव बाहेर गेलं ते बैलांमुळं, होड्यांमुळं नाही. तरी बरेच दिवस माझ्या डोक्यात समुद्रच आहे, आणि तो तुमच्यातल्याच एका आक्कांनी घातला आहे.

झालं असं. नौदलातल्या दोन अधिकारी बाया, रूपा ए. आणि दिलना के., २९ मे २०२५ ला गोव्याला परत आल्या. निघाल्या होत्या २ ऑक्टोबर २०२४ ला. 'तारिणी' नावाच्या छप्पन्न फुटी शिडाच्या होडीतून दोघींनीच पृथ्वीला फेरी घातली. आठ महिने. त्यानंतर काही दिवसांनी एका गावात बचत गटाची बैठक होती. मी मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ दाखवला. मला वाटलं बाया टाळ्या वाजवतील. कुणी बोललंच नाही. मग मागं भिंतीला टेकून बसलेल्या एका आक्कांनी विचारलं, "त्येंला जाऊ कुणी दिलं, ताई?"

मी एम.एस.डब्ल्यू. केलेली बाई. माणसाचा प्रश्न नीट ऐकायचा, त्याच्या आत काय आहे ते बघायचं, हे आम्हाला दोन वर्षं शिकवतात. त्या दिवशी मी काही ऐकलं नाही. मनात आलं, आक्का अजून परवानगीतच अडकल्यात. मग मी बाईला परवानगी लागत कशी नाही यावर दहा मिनिटं बोलले. आक्का ऐकून घेऊन पान लावत बसल्या. घरी आल्यावर रात्री तो प्रश्न पुन्हा आठवला आणि माझीच मला लाज वाटली. प्रश्न अगदी बरोबर होता. जाऊ कुणी दिलं? म्हणजे होडी कुणी दिली, शिकवलं कुणी, पैसा कुणाचा, मागं घर कुणी बघितलं, आणि काही झालं असतं तर आणायला कोण गेलं असतं? तेव्हा मी शोधायला लागले. आज आक्कांना उत्तर देते आहे, उशिरा.

आधी त्या गेल्या कुठं ते सांगते. पृथ्वीच्या खालच्या अंगाला, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका यांच्याही खाली, असा पट्टा आहे जिथं सगळीकडं पाणीच आहे. वाऱ्याला अडवायला जमीन नाही, त्यामुळं वारा गोल फिरत राहतो आणि लाटा वाढत जातात. जुने खलाशी चाळिसाव्या अक्षांशाच्या भागाला 'गर्जणारा चाळीस' म्हणत. रूपा आणि दिलना न्यूझीलंडहून निघून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्नला वळसा घालून फॉकलंड बेटांवर पोचल्या, त्याला जवळजवळ दीड महिना लागला. वाटेत, ३० जानेवारी २०२५ ला, त्या पॉइंट नेमो नावाच्या जागेवरून गेल्या. तिथून सगळ्यांत जवळची जमीन २,६८८ किलोमीटरवर आहे. देवणीहून सरळ रेषेत दिल्ली गाठावी आणि परत यावं, तरी तेवढं अंतर भरत नाही. त्या ठिकाणी सगळ्यांत जवळचं माणूस बहुतेक वेळा वर अवकाश स्थानकात असतं, चारशे किलोमीटर उंचीवर. जाता जाता त्यांनी तिथल्या पाण्याचे नमुने घेतले, गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेसाठी.

आता जाऊ कुणी दिलं ते.

नौदलानं दिलं, हे सरळ उत्तर. पण नौदलाची गोष्ट तेवढी सरळ नाही. १९९२ पासून नौदलात बाया अधिकारी म्हणून आहेत, पण ठरावीक वर्षांपुरत्या. पुरुषाला निवृत्तीपर्यंतची कायम नोकरी, बाईला बहुतेक शाखांत मुदतीची. 'तारिणी'ची पहिली फेरी सहाजणींनी केली, वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली. सप्टेंबर २०१७ ते मे २०१८, २५४ दिवस. पॅसिफिकमध्ये ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा होता. ह्या सहाजणी परत आल्या तेव्हा मोठं स्वागत झालं, नारीशक्तीची भाषणं झाली. आणि त्याच वेळी युद्धनौकांवर बाई अधिकाऱ्याची नेमणूक होत नव्हती! म्हणजे छप्पन्न फुटी होडीत बसून केप हॉर्नला जा, पण चारशे फुटी जहाजावर नको. स्वागताच्या हारांखाली ही गोष्ट झाकून गेली. आपल्याला हे नवीन नाही. सरपंच बाईला खुर्चीवर बसवून हार घालतात आणि ठराव दुसराच कुणी लिहितो.

कायम नोकरीसाठी नौदलातल्या बाया कोर्टात गेल्या, वर्षानुवर्षं भांडल्या. मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. सुनावणीत सरकारकडून एक मुद्दा असा मांडला गेला की रशियन बनावटीच्या जहाजांवर बायांसाठी वेगळी न्हाणीघरं नाहीत. कोर्टानं तो मानला नाही. हे वाचलं तेव्हा मला हसू आलं, मग राग आला. शाळेत मुलींचं संडास नाही म्हणून आठवीनंतर पोरीला घरी बसवलेलं आपण किती पाहिलं. दिल्लीतही तेच कारण, फक्त इंग्रजीतून. आणि लक्षात घ्या, हा मुद्दा मांडला गेला तेव्हा सहाजणी 'तारिणी'वरून जगाला फेरी मारून आल्याला दोन वर्षं होत आली होती.

त्या सहाजणी कुठल्या होत्या तेही ऐका. दोघी उत्तराखंडच्या, एक हिमाचलमधल्या कुल्लूची, एक मणिपूरची, एक हैदराबादची. समुद्रकाठची, विशाखापट्टणमची, एकच. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ असाच. दुष्काळी गावचा, विहिरी खोदायच्या कामावर गेलेला. सैन्यात गेल्यावर त्याच्या हातात वल्हं आलं आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकट्यानं होडी वल्हवून तो तेरावा आला. पाण्याकाठी जन्मावं लागत नाही. कुणीतरी वल्हं हातात द्यावं लागतं आणि शिकवावं लागतं. रूपा आणि दिलना यांनी निघण्याआधी तीन वर्षं तयारी केली होती. शिकवायला अभिलाष टॉमी होते, जे २०१२-१३ साली एकटे, कुठंही न थांबता जग फिरून आले होते. त्यांच्याआधी दिलीप दोंदे हे मराठी गृहस्थ एकट्यानं जगाची फेरी करणारे पहिले भारतीय ठरले, २००९-१० मध्ये. त्या सगळ्याच्या मागं निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी होते. फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहायचे, आणि तिथून पत्रं लिहून, फोन करून नौदलाच्या मागं लागायचे. होडी बांधली गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात. 'तारिणी'ही तिथलीच. म्हणजे 'एकटा गेला' असं आपण म्हणतो त्याच्या मागं अशी रांग उभी असते.

आता वल्हं मारून समुद्र ओलांडणाऱ्यांचं सांगते, कारण ते तर शिडाहून एकाकी काम. शिडाला वारा तरी असतो. वल्ह्याच्या होडीत फक्त दंड आणि पाय. होडी वीसेक फुटांची, दोन टोकांना झाकलेल्या खोल्या, त्यातल्या एकीत झोपायचं. लाटेनं उलटी केली तर आपोआप सरळ होईल अशी बांधलेली असते, म्हणून कमरेला दोर बांधून बसायचं, होडी सरळ झाली की आपणही होडीबरोबर. खारट पाण्यानं अंगाला फोड येतात, हाताची कातडी जाते. आणि पाणी! चहूकडं पाणी, प्यायला थेंब नाही. सौरऊर्जेवर चालणारं छोटं यंत्र समुद्राचं पाणी गोडं करतं, ते बिघडलं तर हातपंप. हे ऐकून आपल्याला काय आठवतं? एप्रिल २०१६. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. त्या वर्षी आपण घागरीनं पाणी मोजलं, धुतलेल्या तांदळाचं पाणी भांड्याला वापरलं. पाणी कसं पुरवायचं ह्याचा पेपर ठेवला तर समुद्रावरच्या बाया आपल्याकडून शिकतील.

रोझ सॅवेज नावाची इंग्रज बाई चांगल्या पगाराच्या नोकरीत होती. एक दिवस तिनं स्वतःचे दोन मृत्युलेख लिहिले. एक, आहे तसं आयुष्य चाललं तर लोक काय लिहितील. दुसरा, आपल्याला काय लिहिलं जावं असं वाटतं. दोन्हींत काहीच मेळ नव्हता. मग ती २००५ साली अटलांटिकमध्ये एकटी होडी घेऊन उतरली. चारही वल्ही मोडली, ती तिनं बांधून बांधून चालवली. सॅटेलाइट फोन बंद पडला. १०३ दिवसांनी पोचली. २००७ मध्ये पॅसिफिकमध्ये निघाली तर होडी उलटली आणि तटरक्षकांनी तिला उचलून आणलं. पुढच्या वर्षी पुन्हा निघाली. २०११ पर्यंत तिन्ही महासागर एकटीनं वल्हवून पार करणारी ती पहिली बाई झाली. मला त्यातलं २००७ साल जास्त महत्त्वाचं वाटतं. उचलून आणलेली बाई पुन्हा निघाली, आणि 'एकदा शोभा झाली ती पुरे' असं म्हणून तिला कुणी कोंडून ठेवलं नाही. माहेरी परत आलेल्या पोरीला आपण काय म्हणतो?

आणखी एक, आपल्या शेजारची. अनन्या प्रसाद, जन्म बेंगळुरूचा, राहते इंग्लंडात. कन्नड कवी जी. एस. शिवरुद्रप्पा यांची नात. इथं भालकी-औरादकडच्या सुना आहेत त्यांना हे नाव शाळेच्या पुस्तकातून ओळखीचं असेल. ११ डिसेंबर २०२४ ला ती निघाली आणि ३१ जानेवारी २०२५ ला अटलांटिकच्या पलीकडं पोचली, एकटी, बावन्न दिवसांत. तारखा बघा. ती अँटिग्वाला पोचली त्याच्या आदल्या दिवशी रूपा आणि दिलना पॉइंट नेमोवर होत्या.

आता मुद्द्यावर येते.

अभिलाष टॉमी २०१८ साली पुन्हा एकटे निघाले, एका शर्यतीत. जुन्या पद्धतीची शर्यत, दिशादर्शक यंत्रं नाहीत, ताऱ्यांवरून वाट काढायची. सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेला वादळात डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या कण्याला मार लागला. हलता येईना. किनाऱ्यापासून तीन हजार किलोमीटरच्या वर आत. तर त्या एका माणसासाठी भारताचं विमान गेलं, ऑस्ट्रेलियाचं विमान गेलं, फ्रान्सची मासेमारीवर देखरेख करणारी बोट वाट सोडून गेली आणि तिनं त्यांना तिसऱ्या दिवशी उचललं. त्याच शर्यतीच्या पुढच्या खेपेला, नोव्हेंबर २०२२ मध्ये, फिनलंडच्या एका खलाशाची होडी पाच मिनिटांत बुडाली. तो रबरी तराफ्यावर चोवीस तास होता. सगळ्यांत जवळ कोण? कर्स्टन नॉयशेफर, दक्षिण आफ्रिकेची, त्या शर्यतीतली एकटी बाई. ती रात्रभर सुकाणूवर बसून त्याच्याकडं गेली, त्याला होडीत घेतलं, आणि 'दर्या गायत्री' नावाच्या मालवाहू जहाजावर चढवून दिलं. मग पुन्हा आपल्या वाटेला लागली. एप्रिल २०२३ मध्ये ती शर्यत तिनंच जिंकली. दुसरे आले अभिलाष टॉमी, पाठीत धातूच्या पट्ट्या घालून.

ह्या शर्यतीत दर आठवड्याला प्रत्येकाला सॅटेलाइट फोनवरून किनाऱ्याशी बोलावंच लागतं. बोलायची इच्छा असो नसो. किनाऱ्यावर एक माणूस वही घेऊन बसलेलं असतं. कुठं आहेस, तब्येत कशी आहे, होडीत काय मोडलं आहे.

आता माझी गोष्ट, ती सांगायला मला जड जातं. दोन वर्षांपूर्वी आपल्या गटातली एक बाई रात्री साडेनऊला घराबाहेर काढली गेली. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही, ती इथं आहे की नाही तेही सांगत नाही. दोन वर्षांचं पोर कडेवर. तिनं मला फोन केला. मी लातूरला एका प्रशिक्षणाला होते, दिवसभर बोलून दमलेले, फोन आवाज बंद करून ठेवला होता. चार फोन. ती तक्रार द्यायला जिथं गेली तिथं तिला सांगितलं, सकाळी या. मग ती एसटी स्टँडवर येऊन बसली. चहावाल्यानं टपरी बंद करताना बाकडं आत न घेता बाहेर ठेवलं, तेवढं एक. पहाटे पाचच्या गाडीनं ती बहिणीकडं गेली. मी सकाळी सातला फोन बघितला. ती मला कधी बोलली नाही. मला बोलायला हवं होतं.

तीन हजार किलोमीटर आतल्या माणसाला शोधायला तीन देश निघाले, आणि स्टँडवरच्या बाईपर्यंत आपण पंधरा किलोमीटरवरून पोचलो नाही. हा हिशोब मी कितीदा केला असेल. त्यात मी समुद्रावरच्या बायांना दोष देत नाही. त्यांनी कष्ट केले, त्यांना मदत मिळाली, दोन्ही खरं. पहिल्या 'तारिणी'चं सुकाणू शेवटच्या टप्प्यात बिघडलं तेव्हा त्या मॉरिशसला गेल्या, दुरुस्ती करून आल्या. त्यामुळं त्यांची फेरी कमी धरली गेली नाही. मग आपल्यातली एखादी शेजारणीकडं तांदूळ मागायला गेली तर तिचं एकटीनं संसार ओढणं कमी कसं होतं?

आपल्याला सरकार 'एकल' म्हणतं. पूर्वी परित्यक्ता म्हणायचे, टाकलेली. शब्द बरा झाला. पण समुद्रावर जी एकटी असते तिला होडी असते, तयारी असते, परतायची तारीख असते, वही घेऊन बसलेलं कुणीतरी असतं. आपल्या बाईला एके रात्री सगळं काढून घेऊन पाण्यात ढकलतात आणि मग तिच्या धैर्याचं कौतुक करतात. मला ते कौतुक नको झालं आहे. मी स्वतः भाड्याच्या खोलीत एकटी राहते. पस्तिशी आली. घरमालक महिन्याला भाडं घेतात आणि सोबत कोण कोण येऊन गेलं तेही विचारतात. मला धैर्याचं पदक नको, भाडेकरार हवा आहे. तुम्हाला रेशन कार्ड वेगळं हवं आहे, सात-बारावर नाव हवं आहे, निराधार योजनेचा अर्ज नवऱ्याचा पत्ता मागून परत येऊ नये असं हवं आहे. ते सगळं दुपारच्या सत्रात वकीलताई सांगणार आहेत, २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यासकट. जेवून झोपू नका.

मी फक्त वहीचं सांगते. त्या रात्रीनंतर आम्ही सहा गावांत सुरू केलं आहे. प्रत्येक गावात तीन बाया ठरवल्या, ज्यांचा फोन रात्री चालू राहील. एकीचा लागला नाही तर दुसरी, दुसरीचा नाही तर तिसरी. दर बुधवारी सकाळी वहीतल्या प्रत्येकीला फोन जातो, काम असो नसो. 'काय गं, बरी आहेस का' एवढंच. पहिल्या महिन्यात बायांनी वैताग केला, 'रोजाला जायचं असतंय, आन् ही बाई फोन करतीय.' आता बुधवारी नऊ वाजले आणि फोन आला नाही तर उलटा मला येतो. दोनदा असं झालं की एकीनं 'बरी आहे' म्हटलं, पण आवाजावरून तिघींपैकी एक उठून तिच्या दारात गेली. एकदा काहीच नव्हतं, सर्दी होती. एकदा होतं.

अडचणीही सांगते. फोन नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या हातात असतो. रिचार्ज संपतो. एका गावात तिघींपैकी एकीला तिच्याच दिरानं धमकावलं, तिनं नाव काढून घेतलं. तिच्यावर रागावू नका. तिची जागा अजून रिकामी आहे.

आक्का, तुम्ही पुढं बसलाय आज, मी बघितलं. वही मागच्या सतरंजीपासून फिरवते आहे. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात गाव, तिसऱ्यात फोन. फोन नसेल तर जिच्याकडं निरोप द्यायचा तिचा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारणीकडून लिहून घ्या. शेवटचा रकाना रिकामा आहे, तिथं रात्री उठून यायला तयार असलेल्यांनी फुली मारायची. पेन एकच आहे, जरा लवकर पुढं द्या.